ब्रिटन, जर्मनी की आखात? नर्सिंग लायसन्सचे तीन रस्ते शेजारी शेजारी ठेवून

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेलं आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे आणि आयसीयू, ओटी किंवा वॉर्डचा दोन-चार वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, अशा सिस्टर-ब्रदरना आज मुख्यतः तीन दिशांकडून बोलावणं येतं: ब्रिटन, जर्मनी आणि आखाती देश. तुलना बहुतेक वेळा पगारापासून सुरू होते. पगार शेवटी पाहावा. आधी हे पाहावं की त्या देशाची अवघड परीक्षा कोणत्या टप्प्यावर येते आणि तिथे नापास झालात तर तुमच्या हातात काय उरतं. आखातात सगळ्या चाळण्या घर सोडण्याआधी लागतात. ब्रिटनमध्ये अर्धी परीक्षा इथे आणि अर्धी तिथे, तीही घड्याळ लावून. जर्मनीत वर्षभराची भाषा आधी, परीक्षा तिथे गेल्यावर, पण मुदत सैल. बाकीचा हिशेब या फरकावर बसवायचा.

कागदपत्रं: तिन्ही देशांत अडचण एकच, रूप वेगळं

सगळ्यात जास्त अर्ज नावावर अडतात. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि कुठे आईचंही. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. पासपोर्टवर एक, कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर दुसरं, दहावीच्या सर्टिफिकेटवर तिसरं असं होऊन बसतं. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद आधी हातात घ्या. मग कौन्सिलच्या रजिस्टरमधलं नाव पासपोर्टशी जुळवून घ्या आणि त्यानंतरच परदेशातला अर्ज उघडा. हा क्रम उलटा झाला की व्हेरिफिकेशन एका नावाने जातं, अर्ज दुसऱ्या नावाने असतो आणि दोन्ही ठिकाणी फाइल थांबते.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचं अधिकृत पत्रक, कुठून काढायची हे कोर्सवर ठरतं. बी.एस्सी.ची नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून. जीएनएमच्या परीक्षा आता महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. त्याआधीच्या बॅचना कौन्सिलकडे जावं लागतं. कॉलेजच्या लेटरहेडवरची ट्रान्सक्रिप्ट कुठे पुरेल आणि कुठे नाही, हे आधी विचारून घ्या. जर्मनीसाठी नुसते मार्क चालत नाहीत. विषयवार थिअरीचे तास आणि कोणत्या वॉर्डात किती तास प्रॅक्टिकल झालं, हे स्वतंत्र लिहिलेलं लागतं. कॉलेजातून हे पत्रक मिळवायला वेळ लागतो, म्हणून भाषेच्या पहिल्या लेव्हलला बसतानाच त्याचा अर्ज टाकावा.

अनुभवाच्या दाखल्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, विभाग, खाटांची संख्या, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा हवा. आखातासाठी हा दाखला म्हणजे अर्धी लढाई. तिथल्या आरोग्य खात्यांसाठी काम करणारी डेटाफ्लो कंपनी तुमच्या हॉस्पिटलला थेट पत्र पाठवून दाखला खरा आहे का, हे विचारते. छोट्या नर्सिंग होममध्ये ते ईमेल कुणी उघडत नाही, किंवा डॉक्टरांनी हॉस्पिटल विकलेलं असतं, आणि रिपोर्टवर ‘पडताळणी होऊ शकली नाही’ असा शेरा येतो. म्हणून नोकरी सोडतानाच ऑफिसमधल्या माणसाला गाठून सांगून ठेवा, पगाराच्या स्लिपा, पीएफची नोंद आणि नेमणूकपत्र जपा. एजंट ‘एक वर्षाचं दोन वर्षं करून देतो’ म्हणाला तर तिथून उठा. बनावट कागदावरचा नकारात्मक रिपोर्ट एका देशापुरता राहत नाही. डेटाफ्लो वापरणाऱ्या दुसऱ्या खात्यालाही तो दिसतो.

शिक्क्यांबाबत मोठा गोंधळ आहे. अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा करारातल्या देशांसाठीचा सरकारी शिक्का, सगळीकडे चालतो असं सांगून दुकानं पैसे घेतात. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण भारताच्या प्रवेशावर जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे भारतीय अपोस्टिल जर्मनीत धरला जात नाही. तिथलं खातं काय मागतं ते वाचून तेवढंच करा. मुख्य खर्च जर्मन शपथबद्ध अनुवादकाकडून होणाऱ्या भाषांतराचा असतो. संयुक्त अरब अमिराती आणि कतार या करारात नाहीत, तिथे राज्य, परराष्ट्र मंत्रालय आणि मग दूतावास अशी साखळी लागते. सौदी २०२२ मध्ये करारात आलं. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, अपोस्टिलशी घेणं नसतं. तिला आपल्या कौन्सिलकडून थेट आलेलं व्हेरिफिकेशन हवं असतं.

तिन्हीकडे कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू असलं पाहिजे. रिन्यूअल संपलेलं असेल तर गुड स्टँडिंग, म्हणजे रजिस्ट्रेशन चालू आणि निर्दोष असल्याचा कौन्सिलचा दाखला, मिळत नाही. आणि हे सर्टिफिकेट फार आधी काढूनही उपयोग नाही: दुबईला ते सहा महिन्यांच्या आतलं लागतं.

भाषा: इथेच सगळ्यात जास्त लोक गळतात

ब्रिटनला इंग्रजीच्या दोन परीक्षा चालतात. आयईएलटीएस अकॅडेमिक असेल तर लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५. ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) असेल तर तीन भागांत बी आणि रायटिंगला सी प्लस. ओईटीची फी आयईएलटीएसच्या जवळपास दुप्पट आहे, पण रायटिंगमध्ये रेफरल लेटर लिहायचं असतं आणि स्पीकिंगमध्ये पेशंटशी बोलायचं असतं. मराठी माध्यमातून बारावी करून नर्सिंगला आलेल्यांना आयईएलटीएसचा निबंध वर्षानुवर्षं अडवतो, त्यांनी जास्तीची फी भरून ओईटीकडे वळणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं. एकाच प्रयत्नात सगळं जमलं नाही तर १२ महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे निकाल जोडता येतात, मात्र कोणताही भाग ठरलेल्या किमान गुणांखाली गेलेला चालत नाही.

जर्मनीत परवान्यासाठी बी२ पातळीचं जर्मन लागतं (पातळ्या चढत्या क्रमाने ए१, ए२, बी१, बी२). शून्यापासून पूर्णवेळ अभ्यास केला तर नऊ महिने ते वर्ष धरा. ड्युटी करून शिकायचं असेल तर दीड वर्षही लागतं. नाइट ड्युटी संपवून क्लासला बसणाऱ्यांचं ए२ पर्यंत जमतं, बी१ ला सुटतं, कारण तिथून व्याकरण आणि ऐकणं दोन्ही एकदम वाढतं. शक्य असेल तर बी१ पासून नोकरीतून सुट्टी घ्या. मुंबई आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवन, म्हणजे गोएथे संस्थेचं केंद्र, आहे. क्लास कुठेही लावा, पण परीक्षा गोएथे, टेल्क किंवा ओएसडीची द्या. क्लासने स्वतः छापलेलं सर्टिफिकेट जर्मन खात्यात चालत नाही. गोएथेची बी१ आणि बी२ परीक्षा वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं अशा चार भागांत वेगवेगळी देता येते आणि राहिलेला भागच पुन्हा देता येतो. सगळ्या भागांची फी पुन्हा भरायला लावणाऱ्याला हे विचारा.

आखातात नर्ससाठी सहसा वेगळी इंग्रजी परीक्षा लायसन्सच्या आड येत नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, मुलाखत इंग्रजीत होते, तेवढं पुरतं.

परीक्षा आणि तिथे चुकलं तर

आखातात क्रम असा: डेटाफ्लो, संगणकावरची बहुपर्यायी परीक्षा (आपल्याकडे तिला सरसकट प्रोमेट्रिक म्हणतात), पात्रतेचं पत्र, मग नोकरी आणि लायसन्स. परीक्षा भारतात देता येते. नापास झालात तर फी गेली, पण नोकरी आणि घर जागेवर असतं. ज्यांच्यावर घराचं कर्ज आहे त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे. दोन गोष्टी तपासा. संयुक्त अरब अमिरातीत दुबई, अबुधाबी आणि उत्तरेकडच्या अमिराती यांची खाती वेगळी आहेत, त्यामुळे नोकरी कुठे आहे ते ठरवून त्याच खात्याकडे अर्ज करा. आणि सौदीत बी.एस्सी. नर्सचं वर्गीकरण ‘स्पेशालिस्ट’, तर डिप्लोमाचं ‘टेक्निशियन’ असं होतं, पगाराची पायरी त्यावर ठरते. जीएनएमवाल्यांनी पोस्ट बेसिक बी.एस्सी. आधी करावी का, हा प्रश्न सौदीसाठी खरोखर विचार करण्याजोगा आहे, ब्रिटनसाठी नाही. कामात मोठा खंड पडला असेल तर आखातातली खाती अडवतात, म्हणून अर्ज करायच्या वर्षी नोकरी सोडू नका.

ब्रिटनमध्ये पहिला भाग सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा. तो भारतात पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात होतो: औषधांच्या हिशेबाचे १५ प्रश्न ३० मिनिटांत, आणि क्लिनिकलचे १०० प्रश्न अडीच तासांत. फी ८३ पौंड. एनएमसीची अर्ज-तपासणी १४० पौंड. दुसरा भाग ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, ती फक्त ब्रिटनमध्ये. दहा स्टेशन्स: असेसमेंट, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन ही चार एकाच पेशंटभोवती, चार कौशल्यांची, आणि दोन लेखी. फी ७९४ पौंड, रजिस्ट्रेशनची १५३ पौंड वेगळी. हॉस्पिटल सहसा ऑस्कीची फी भरतं आणि तयारीही करून घेतं, पण व्हिसाच्या नियमानुसार नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत पहिला प्रयत्न आणि आठ महिन्यांत रजिस्ट्रेशन व्हायला हवं. एका अर्जात तीनच प्रयत्न. तिसऱ्यांदा राहिलं तर सहा महिने थांबावं लागतं, आणि तोवर आठ महिन्यांची मुदत सहज उलटते.

आपले लोक ऑस्कीत ज्ञानामुळे कमी आणि सवयीमुळे जास्त अडतात: पेशंटची ओळख नाव, जन्मतारीख आणि मनगटावरच्या बँडवरून पडताळणं, ॲलर्जी विचारणं, संमती मोठ्याने मागणं, हात धुणं, चार्टवर सही आणि वेळ टाकणं. आपल्या वॉर्डात हे मनात किंवा घाईत होतं; तिथे परीक्षकाला दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे. सराव विमानात बसण्याआधीच सुरू करा.

जर्मनीत प्रत्येक राज्याचं खातं वेगळं: बाडेन-वुर्टेमबर्गसाठी श्टुटगार्टचं, नॉर्थ राइन-वेस्टफालियासाठी म्युन्स्टरचं, बव्हेरियाचं आणखी वेगळं. कोणत्या राज्यात नोकरी लागते त्यावर कागद जातात, म्हणून मालक ठरल्यावर अर्ज करणं सोयीचं. तुमचं शिक्षण तपासून खातं तफावतीचं पत्र देतं, म्हणजे जर्मन शिक्षणाच्या तुलनेत काय कमी पडतं ते लिहून देतं. भारतीय नर्सना ते बहुतेकदा येतंच, त्याने घाबरू नका. पुढे दोन वाटा: ज्ञानाची परीक्षा किंवा अनुकूलन अभ्यासक्रम. परीक्षेत ४५ ते ६० मिनिटांची तोंडी आणि दोन ते चार खऱ्या पेशंटची शुश्रूषा. राहिलेला भाग एकदा पुन्हा देता येतो. अभ्यासक्रम लांबतो, पण परीक्षेच्या दडपणाने जर्मन बोलणं अडखळणाऱ्यांसाठी तो बरा. २०२४ पासून कागदांची सविस्तर तुलना टाळून थेट या टप्प्यावर जाता येतं. तासांचं पत्रक मिळत नसेल तर मालकाला याबद्दल जरूर विचारा. मान्यतेसाठीचा व्हिसा २४ महिन्यांचा, एकूण तीन वर्षांपर्यंत वाढतो. तोवर सहायक म्हणून काम आणि सहायकाचाच पगार.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. त्याने ही मान्यता माफ होत नाही. भाषा आणि परीक्षा त्याच.

पैसे, घर आणि पुढची वर्षं

ब्रिटनमध्ये एनएचएसची (सरकारी आरोग्य सेवेची) सुरुवात बँड ५ या वेतनश्रेणीने, इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी वर्षाला ३१,०४९ पौंड. पण २०२४ नंतर परदेशी नर्सची भरती खूप घटली आहे. सीबीटी पास होऊन ऑफरची वाट पाहत बसलेले आहेत, म्हणून आयसीयू, थिएटर, मेंटल हेल्थ असा ठोस अनुभव नसेल तर फक्त ब्रिटनवर विसंबू नका. कायम वास्तव्याची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आहे. नर्सना जोडीदार आणि मुलांना नेता येतं.

जर्मनीत मान्यता मिळाल्यावर कुशल कर्मचाऱ्याला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. मात्र पहिलं वर्ष-दोन वर्षं सहायकाच्या पगारात कुटुंब आणणं जड जातं. मुलं लहान असतील तर हे घरी आधी स्पष्ट बोलून ठेवा.

आखातात उत्पन्नावर कर नाही, राहणं बहुधा हॉस्पिटलचं, शिल्लक पहिल्या महिन्यापासून. पण व्हिसा नोकरीला बांधलेला. अमिरातीत कुटुंब आणायला ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, एवढा पगार लागतो.

एजंटचा भाग: भारतातल्या नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो, नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. ईसीआर यादीतल्या १८ देशांत (जिथे नोकरीला जायला सरकारची परवानगी लागू शकते), म्हणजे आखातासह, नर्सला ईसीएनआर पासपोर्ट (एरवी ही परवानगी न लागणारा) असला तरी परवानगी लागते. टुरिस्ट व्हिसावर पाठवणारा त्याच परवानगीला बगल देत असतो. ब्रिटनच्या भरतीत नर्सकडून फी घेणं नियमबाह्य आहे. जर्मनीत सरकारी गुणवत्ता-चिन्ह असलेल्या भरती संस्था खर्च मालकाकडून घेतात.

कुणी कुठे जावं

कर्ज आहे, दोन-तीन वर्षांत पैसे जमवून परत यायचं आहे, अनुभव सलग आहे: आखात. इंग्रजी चांगलं आहे, स्पेशालिटीचा अनुभव आहे आणि थोडी वाट पाहायची तयारी आहे: ब्रिटन, आणि ओईटी आत्ताच द्या. वय कमी आहे, घरचे वर्षभर सांभाळतील आणि तिथेच स्थायिक व्हायचं आहे: जर्मनी. आखातात नोकरी करत ओईटी देऊन पुढे ब्रिटनला जाणं ही चौथी वाटही अनेकजण धरतात. त्यात तिथल्या हॉस्पिटलचा करार किती वर्षांचा आहे आणि मुदतीआधी सोडल्यास किती रक्कम द्यावी लागेल, हा आकडा सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्या.