जीबीएसच्या भीतीने लस टाळावी का? सांगलीत बसून ठरवताना

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटून हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, रुग्ण भराभर वाढले आणि 'जीबीएस' ही तीन अक्षरं सांगली-मिरजेतही घराघरांत पोचली. फ्लूची किंवा नागिणीची लस सुचवली की साठीतला माणूस हमखास विचारतो, "त्यानं पाय जात नाहीत ना?" प्रश्न रास्त आहे. काही लसींनंतर जीबीएसचं प्रमाण किंचित वाढतं, हे माहितीपत्रकातही छापलेलं असतं. पुण्याच्या साथीत मात्र लसीचा हात नव्हता. तिथे रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला.

हा जंतू नसांपर्यंत कसा पोचतो, तर पोचतच नाही. त्याच्या कवचावरचे काही रेणू आपल्या नसांच्या आवरणातल्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूशी लढायला बनवलेली प्रतिपिंडं नसांवरही सोडतं. जीबीएसच्या साधारण दोन तृतीयांश रुग्णांना आधीच्या एक ते सहा आठवड्यांत जुलाब नाहीतर सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. लसही प्रतिकारशक्तीला जागं करते, म्हणून तिच्याकडे बोट जाणं स्वाभाविक आहे. किती वेळा ते बरोबर ठरतं, एवढंच बघायचं.

आधी योगायोग वजा करा

लस असो-नसो, जगभर दरवर्षी लाखामागे एक ते दोन जणांना जीबीएस होतो. २०११च्या जनगणनेनुसार सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांच्या वर. म्हणजे कोणतीही साथ नसताना जिल्ह्यात वर्षाला अंदाजे तीस ते पन्नास-पंचावन्न रुग्ण होणारच. आता समजा १० लाख लोकांना एखादं निव्वळ पाण्याचं इंजेक्शन दिलं. पुढच्या सहा आठवड्यांत त्यांच्यापैकी एक-दोघांना जीबीएस होईल, कारण तो त्यांना तसाही होणार होता. घरचे मात्र म्हणणार, "इंजेक्शन घेतलं आणि पंधरा दिवसांत पाय गेले." त्यांचं काही चुकत नाही, घडलंय तसंच ते सांगतात. म्हणूनच लसीच्या खात्यावर फक्त या हिशेबापेक्षा जास्त झालेले रुग्ण मांडायचे असतात.

अशी ठळक वाढ १९७६ साली अमेरिकेत दिसली. स्वाइन फ्लूच्या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना लस दिली गेली, लाखामागे साधारण एक रुग्ण जास्त निघाला आणि डिसेंबरात मोहीम थांबवावी लागली. ज्या साथीसाठी ही धावपळ केली ती आलीच नाही, त्यामुळे दुसऱ्या पारड्यात टाकायला काही उरलं नाही. आजची फ्लूची लस वेगळी आहे. तिच्यामागची वाढ, जेव्हा दिसते तेव्हा, १० लाख डोसांमागे एक ते दोन एवढी असते. १९७६च्या मानाने पाच-दहा पटीने कमी.

फ्लू: लस एका पारड्यात, आजार दुसऱ्या

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातला २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे कामाचा आहे, कारण त्यात दोन्ही बाजू एकाच मापाने मोजल्या. लसीकरणानंतर १० लाखांमागे सुमारे १ जादा रुग्ण. फ्लू म्हणून डॉक्टरकडे झालेल्या १० लाख भेटींमागे सुमारे १७.

"सतरा विरुद्ध एक, मग विचार कसला?" असं म्हणणारे भेटतात. थोडं थांबा. लस दरवर्षी घ्यायची असते, फ्लू दरवर्षी होत नाही. समजा दहातल्या एकाला यंदा डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होणार आहे. म्हणजे लस न घेतलेल्या १० लाखांत १ लाख आजारी आणि त्यांच्यात जीबीएसचे पावणेदोन. लस चांगल्या वर्षी फ्लू साधारण निम्म्यावर आणते, म्हणजे त्यातला जेमतेम एक वाचवते. आणि स्वतः एक जोडते. पारडी जवळजवळ सारखीच.

म्हणून आमचं म्हणणं असं: जीबीएसला भिऊन फ्लूची लस नाकारू नका, आणि जीबीएस टळावा म्हणून घेऊही नका. हा आकडा इतका लहान आहे की त्यावर निर्णय टेकत नाही. निर्णय टेकवायचा फ्लूच्या बाकीच्या त्रासावर. ऑन्टारियोच्याच २०१८च्या अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यावरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट दिसला. ज्यांना मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, जे पासष्टीपुढचे आहेत, ज्या गरोदर आहेत, त्यांचं पारडं लसीकडे स्पष्ट झुकतं. तिशीतल्या ठणठणीत माणसाचं फारसं कुठेच झुकत नाही. त्याने घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे का ते बघावं.

घ्यायचीच तर पाऊस सुरू व्हायच्या आधी. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि लसीचा परिणाम यायला दोन आठवडे लागतात. बाटलीवरची तारीख आणि 'यंदाचा स्ट्रेन' बघून घ्या. गेल्या हंगामातली उरलेली लस टोचून उपयोग नाही. लस २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. ती घरच्या पिशवीतून उन्हात फिरवत दुसऱ्या दवाखान्यात नेली तर जीबीएसचा धोका वाढत नाही, फक्त पैसे वाया जातात.

नागीण

शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३पासून मिळते. पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली तिच्या पत्रकात जीबीएसचा इशारा घातला: पासष्टीपुढच्यांत १० लाख डोसांमागे अंदाजे ३ जादा रुग्ण. दुसऱ्या बाजूला, खुद्द नागीण उठल्यानंतरही जीबीएसचा धोका वाढतो. नागीण दुर्मीळही नाही, आयुष्यात साधारण तिघांतल्या एकाला ती होते. आणि फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने अंगरखा लागला तरी आग होणारी माणसं सगळ्यांच्या ओळखीत असतात. लस नव्वद टक्क्यांच्या पुढे काम करते. इथे अडवतो तो खर्च: दोन डोस मिळून आकडा पाच अंकी होतो. परवडत नसेल तर तसं सरळ म्हणा, जीबीएसचं निमित्त नको.

कोविशील्ड घेतली होती, त्याचं काय?

काहीच नाही. या प्रकारच्या लसीनंतर जादा धोका दिसला तो पहिल्या चार ते सहा आठवड्यांत. इंग्लंडच्या आकडेवारीत तो १ कोटी लोकांमागे ३८ रुग्ण होता, तर कोविड झालेल्या १ कोटींमागे १४५. २०२१च्या डोसावर आजचा अशक्तपणा ढकलला की खरं कारण शोधायचं राहून जातं.

जिथे तुलनाच करायची नाही

कुत्रं चावलं की अजूनही एखादे आजोबा म्हणतात, "त्या इंजेक्शनानं लुळं होतं माणूस." ही अफवा नाही, जुनी खरी आठवण आहे. पूर्वी पोटात १४ इंजेक्शनं दिली जात ती सेंपल लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. तिच्यातच नसांचं आवरण असायचं. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं करायचं आणि काहींचे हातपाय खरोखर जायचे. ती लस भारतात २००४च्या अखेरीस बंद झाली. आताची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूची आहे, मेंदूचा अंशही त्यात नाही. समोरच्या पारड्यात रेबीज आहे, जो एकदा दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. लस कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. दंडात देत असतील तर त्यात १४वा दिवसही. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, मागून घ्या, ते बऱ्याचदा राहून जातं.

उसाच्या फडात कोयता लागला, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाचंही तसंच. फक्त पूर्वी याच इंजेक्शनानंतर सहा आठवड्यांत जीबीएस झालेला असेल, तर ते टोचण्याआधी सांगा.

कुणी खरंच थांबावं

एखादी लस घेतल्यावर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झालेला माणूस तीच लस पुन्हा घ्यायच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञाशी बोलतो. जीबीएस होऊन वर्ष झालं नसेल, तर त्यानेही आधी बोलावं. बाकी, दहा वर्षांपूर्वी जुलाबानंतर जीबीएस झाला आणि बरा झाला, अशा माणसाला लसी कायमच्या वर्ज्य नाहीत. मुलाला जीबीएससाठी इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल, तर गोवर-रुबेलाची लस साधारण ११ महिने पुढे जाते. धोका म्हणून नव्हे. उसन्या प्रतिपिंडांमुळे ती लागू पडत नाही म्हणून.

भीती असेल तर पाण्याकडे बघा

कॅम्पायलोबॅक्टरच्या साधारण हजार रुग्णांमागे एकाला जीबीएस होतो. फ्लूच्या लसीशेजारी हा आकडा ठेवून बघा. शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत मिसळतं हे सांगलीकरांना नवं नाही. २०१९ आणि २०२१च्या पुरात काय काय मिसळलं तेही पाहिलंय. नळाला गढूळ पाणी आलं की खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळा; नुसतं कोमट करून गाळण्याने जंतू मरत नाही. धारोष्ण दूध पिऊ नका. कोंबडी नळाखाली धुतली की शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, म्हणून ती धुऊच नका, नीट शिजवा, आणि तीच सुरी-पाट कांदा-काकडीला वापरू नका.

झालाच तर

लसीनंतर एक-दोन दिवस दंड दुखणं, अंग मोडून येणं म्हणजे जीबीएस नव्हे. जीबीएस दोन्ही पायांत एकदम सुरू होतो. तळव्यांना मुंग्या, कंबर-पाठीत दुखणं, मग जिना चढताना गुडघा मुडपणं, उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणं, चालताना पायातली चप्पल मागे राहणं. दिवसागणिक हे वर चढतं. एकाच बाजूचा हात-पाय गेला तर पक्षाघाताचा विचार आधी. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या सकाळी पापण्या मिटू लागल्या आणि मग हातपाय गळाले, तर मण्यार चावल्याचा.

पाय लटपटत असतील तर गल्लीतल्या दवाखान्यात ताकदीची बाटली लावून दोन दिवस घालवू नका, मिरजेत मेंदूविकाराची सोय असलेल्या रुग्णालयात जा. वाटेत रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावा. वीसच्या आत श्वास तुटत असेल, ठसका लागत असेल तर अतिदक्षता विभाग हवा. साधारण चार-पाच जणांतल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो. पहिल्या आठवड्यात पाठीतल्या पाण्याची किंवा नसांची तपासणी सामान्य येऊ शकते, म्हणून एका रिपोर्टवर घरी परतू नका. नुसत्या स्टेरॉइडने जीबीएस सुधारत नाही. उपचार दोनच: इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणं, आणि एक दिल्यावर लगेच दुसरं जोडून फायदा वाढत नाही. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा वजनाच्या दर किलोला एकूण २ ग्रॅम, पाच दिवसांत. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. बिल तिथेच फुगतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जीबीएस आहे, तेव्हा रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. सहा महिन्यांत पाचातले चौघे आपल्या पायांनी चालू लागतात.

आणि लस घेतलीत तर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहिलेलं कार्ड मागून घ्या, पुढचे ४२ दिवस जपून ठेवा. त्या मुदतीत काही झालं तर ते कार्ड आणि त्याआधी जुलाब-ताप झाला होता का, या दोन गोष्टी डॉक्टरांना सांगा आणि लसीनंतरची घटना म्हणून आरोग्य केंद्रात नोंद करायला लावा. खासगीत टोचली असेल तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही नोंद होते.