शिकागो बूथचं एक्स्पर्ट पॅनल: फुकट आहे आणि खरंच कामाचं आहे

मी ज्युनियर आणि डिग्रीच्या पोरांना इकॉनॉमिक्स शिकवते, त्यामुळे बजेट आलं, टॅरिफ लागला, पेट्रोल वाढलं की टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या बिझनेस स्कूलचे प्रोफेसर काय बोलतायत ते ऐकणं हा कामाचाच भाग झालाय. आणि दरवेळी तोच वैताग, दहा मिनिटं बोलतात पण शेवटी हो की नाही ते कळतच नाही, आणि वर्षभराने त्यांचं म्हणणं चुकलं की बरोबर निघालं ते तपासायला कुठे काही नोंदही नसते.

म्हणून या सर्व्हिसबद्दल लिहितेय. शिकागो युनिव्हर्सिटीच्या बूथ बिझनेस स्कूलचं क्लार्क सेंटर आहे, आधी याला आयजीएम फोरम म्हणायचे, ते अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांमधल्या चाळीसच्या वर अर्थतज्ज्ञांना ठराविक दिवसांनी चालू विषयावर एखाद-दोन विधानं पाठवतात आणि मत मागतात. युरोपचं पॅनल वेगळं आहे. पैसे नाहीत, लॉगिन नाही. रिचर्ड थेलर, क्लॉडिया गोल्डिन, अँगस डीटन अशी नोबेलवाली मंडळी पॅनलवर दिसली आहेत, आपल्या मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी पण (आई मराठी, माहेरच्या पाटणकर, हे पोरांना सांगितलं की लगेच कान टवकारतात).

खरी गंमत पान उघडल्यावर कळते. वर एकच वाक्य, त्याखाली किती टक्के सहमत, किती असहमत ते दाखवणारा बार (आलेख), आणि त्याखाली सरळ यादी, तज्ज्ञाचं नाव, युनिव्हर्सिटी, मत, आणि स्वतःच्या मताबद्दल किती खात्री आहे त्याचा १ ते १० मधला आकडा, आणि लिहावंसं वाटलं तर एक-दोन ओळींची कॉमेंट. मत म्हणजे पूर्ण सहमत, सहमत, नक्की नाही, असहमत, पूर्ण असहमत, यातलं एक निवडायचं, भाषण नाही. खात्रीच्या आकड्याने वजन देऊन, म्हणजे ज्याला जास्त खात्री त्याचं मत जास्त मोजून काढलेला बारही असतो. कुठल्याही नावावर गेलं की त्या माणसाने आजवर काय काय मतं दिली ते सगळं दिसतं, आणि मला विचाराल तर या अख्ख्या सर्व्हिसचा जीव इथे आहे, कारण नाव लावून मत दिलं की माणूस जपून बोलतो.

वर्गात मी सगळ्यात जास्त वापरते तो २०१२ चा भाडे नियंत्रणाचा प्रश्न. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत भाडेवाढीवर मर्यादा घातल्यामुळे परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची संख्या आणि दर्जा सुधारला का? शंभरातले ८१ असहमत, सहमत फक्त २. थेलरनी तर कॉमेंटमध्ये उलट विचारलं की आता पुढचा प्रश्न काय, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो का. हे मुंबईच्या वर्गात दाखवून बघा काय होतं ते! माझ्याकडे लालबाग-गिरगावातल्या चाळीतली पोरं असतात, घर पागडीचं, भाडं महिन्याला काहीशे रुपये. मग १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा निघतो, १९४० च्या पातळीवर गोठलेली भाडी निघतात, त्या भाड्यात मालक डागडुजी कशातून करणार हे निघतं, आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली तरी मूळ आकडाच एवढासा असेल तर त्याचे चार टक्के म्हणजे किती, हे पोरं स्वतः कॅल्क्युलेटरवर काढतात.

पण एका मुलीने जे विचारलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मॅडम, विधान घरांच्या संख्येबद्दल आणि दर्जाबद्दल आहे, आत राहणाऱ्या माणसाला शहर सोडून जावं लागलं नाही याचं काय? बरोबर आहे तिचं. विधान जेवढं विचारतं तेवढंच उत्तर मिळतं, त्यामुळे नुसता बार बघून कोणी ‘तज्ज्ञ म्हणतात भाडे कायदा रद्द करा’ असं फॉरवर्ड करत असेल तर ते चूक आहे. शब्दन्‌शब्द वाचा, मगच पुढे पाठवा.

दुसरं म्हणजे असं एकमत कधी असतं, कधी नसतं. मार्च २०१८ मध्ये स्टील-ॲल्युमिनियमवरच्या नव्या टॅरिफने अमेरिकन लोकांचं भलं होईल का विचारलं तर एकही जण सहमत नव्हता. पण २०१५ मध्ये किमान वेतन तासाला १५ डॉलर केलं तर रोजगार बराच घटेल का म्हटल्यावर सगळ्यात मोठा गट ‘नक्की नाही’ वाल्यांचा. मला हे दुसरं पान जास्त आवडतं, कारण एवढी शिकलेली माणसं नाव लावून सांगतायत की आम्हाला खात्री नाही, आणि हे पोरांनी बघायलाच हवं.

आता मला खटकतं ते. तज्ज्ञ सगळे त्याच मोजक्या नामवंत युनिव्हर्सिट्यांमधले, म्हणजे ज्यांची स्वतःची नोकरी पक्की अशी माणसं. सामान्य लोक आणि ही मंडळी यांच्यात केवढी दरी आहे ते बूथच्याच लुइजी झिंगालेस आणि नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या पाओला सापिएन्झा यांनी २०१३ मध्ये मोजलं, तीच विधानं सामान्य अमेरिकनांना विचारली तर सहमतीत सरासरी ३५ टक्के पॉइंटचा फरक निघाला, आणि तज्ज्ञांचं मत सांगूनही लोक फारसे हलले नाहीत. पॅनलने यावर काहीतरी करायला हवं, कॉमेंट जास्त आणि साध्या भाषेत लिहिल्या तरी खूप फरक पडेल, बऱ्याच जणांच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नसतं.

आणि भारत. आपल्याकडे रिझर्व्ह बँक २००७ पासून अर्थव्यवस्थेचे अंदाज बांधणाऱ्यांचा सर्व्हे करते, आयआयएम अहमदाबाद कंपन्यांना महागाईचा अंदाज विचारते, दोन्ही चांगले आहेत, पण धोरणावर नाव लावून हो-नाही सांगणं तिथे नाही. गोखले इन्स्टिट्यूट, जमनालाल बजाज, आयआयएमवाल्यांनी मिळून असं काही काढावं असं फार मनापासून वाटतं. लाडकी बहीणचे महिना १,५०० रुपये घरात बाईच्या हातात राहतात का, कांद्यावर निर्यातबंदी घालून शहरातल्या गिऱ्हाइकाचा फायदा शेतकऱ्याच्या नुकसानापेक्षा मोठा असतो का, विचारा ना, आणि मराठीतून विचारा.

पाचपैकी चार स्टार. एमपीएससी-यूपीएससीवाले, कॉमर्सचे शिक्षक, पेपरात अग्रलेख वाचणारे, सगळ्यांनी वापरावं. इंग्रजी आहे पण वाक्यं छोटी असतात, जमतं. फक्त बार उघडण्याआधी आपलं मत आणि आपली खात्री दहापैकी किती ते कागदावर लिहून ठेवा, मी पोरांकडून आधी हेच करून घेते.