एच.२६४ की एव्ही१?

एमटेकच्या प्रकल्पासाठी भाची अडून बसली आहे: सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं चित्रण एच.२६४ आणि एव्ही१ या चित्रफीत दाबून लहान करणाऱ्या दोन पद्धतींपैकी कशात दाबायचं? तिला माझं उत्तर असं.

अक्षता उधळल्या की प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमहून वेगळी होते, आधीच्या फ्रेमवरून पुढचीचा बांधलेला अंदाज चुकतो, बिट्स भराभर खर्च होतात. मग बिटरेट (दर सेकंदाला मिळणारे बिट्स) कमी असला, की एच.२६४मध्ये (२००३) पांढऱ्या बाराबंदीवर चौकोन उमटतात. चित्र ज्या ठोकळ्यांत तोडलं जातं, ते त्याचे १६×१६ पिक्सेलचे, एव्ही१चे (२०१८) १२८×१२८ पर्यंत. मोठ्या ठोकळ्यात आभाळ स्वस्तात मावतं, गर्दीही बरीच सावरते.

वेळेचं मात्र बघ. अनुकूली प्रसारणाला, म्हणजे नेटच्या वेगाप्रमाणे दर्जा बदलणाऱ्या प्रसारणाला, एकच चित्रफीत चार-पाच दर्जांत लागते, आणि एव्ही१ साध्या लॅपटॉपला रात्रभर राबवतं. जुन्या फोनची बॅटरीही खातं.

थेट प्रक्षेपण, जुने फोन असतील तर एच.२६४. साठवलेलं चित्रण, तुटपुंजा डेटा असेल तर एव्ही१. तुझ्या प्रबंधाला मी एव्ही१च म्हणेन.