साडेतीनशेचा मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि आबांची जुनी पिकअप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आबांनी ही पिकअप २००५ साली घेतली. डिझेल गाडी, बारा व्होल्टची बॅटरी, मागे लोखंडी हौदा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट नेण्यात तिचं आयुष्य गेलं. इंजिन अजून खणखणीत आहे, पण वायरिंगची पार दशा झाली होती. वीस वर्षांत ज्याने ज्याने हात लावला, त्याने एक वायर वाढवली आणि जुनी तशीच लोंबत ठेवली. स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं तेव्हा आत एकाच लाल रंगाच्या सात वायरी होत्या, नुसता पीळ देऊन टेप मारलेल्या. उन्हाने टेपचा गोंद वितळून सगळं बोटांना चिकटत होतं.

गेल्या कार्तिकात रोज काही ना काही बंद पडायला लागलं, तेव्हा मी दोन वस्तू घेतल्या. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर मोजायचा मीटर, नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारा, साडेतीनशे रुपयांचा. दुसरा टेस्ट लॅम्प : टोकदार सळई, आत बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि मागे चिमटा लावलेली वायर. मीटरच्या भरवशावर हा दिवा घेणं टाळू नका. का ते सांगतो.

मागच्या उजव्या बाजूचा ब्रेक लाइट लागत नव्हता. बल्ब नवा टाकला, तरी तेच. बायकोला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं आणि होल्डर काढून मीटर लावला, तर १२.४ व्होल्ट. म्हणजे करंट येतोय, मग दिवा का लागत नाही? अर्धा तास मी होल्डरच घासत बसलो. मग त्याच जागी टेस्ट लॅम्प लावला, तर तो नुसता लालसर झाला आणि विझला. वायर मागे मागे चाचपत गेलो. हौद्याच्या खाली, जिथे ती पत्र्याला घासत होती, तिथे वायर मऊ लागली. वरचं प्लास्टिक सोललं तर आतलं तांबं हिरवं पडून भुगा झालेलं आणि एकच तार धड उरलेली. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्या एका तारेवरूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. एकवीस वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, ते त्या तारेतून जात नाहीत. त्या दिवसापासून मी दिवा, हॉर्न, सेल्फ, जे बिघडलंय ते चालू ठेवूनच मोजतो.

दुसरा दोष अर्थिंगचा, म्हणजे पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला करंट परत जायच्या वाटेचा, आणि माझ्या मते जुन्या गाडीत सगळ्यात आधी तोच बघावा. डावा इंडिकेटर दिला की टेल लाइटही त्याच्याबरोबर मिचकायचा. मीटरची काळी सळई थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल सळई दिव्याच्या अर्थच्या वायरला लावली. इथे जवळपास शून्य यायला हवं, मला ४.८ व्होल्ट आले. अर्थचा नटबोल्ट चॅसीवर रंगाच्या आणि गंजाच्या थरावर बसलेला होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवा लग (बोल्टखाली बसणारी चकती) दाबून लावला, वरून पेट्रोलियम जेली फासली. नंतर ०.०५ व्होल्ट. खर्च दहा रुपयेसुद्धा नाही, आणि याच दोषापायी आधी दोनदा फ्लॅशर (इंडिकेटर मिचकावणारी डबी) बदलून झाला होता.

सेल्फचा किस्सा जरा मोठा आहे. थंडीत सकाळी सेल्फ 'घर्र' करून थांबायचा. आबा म्हणाले, "अरे, बॅटरी बदलून टाक, किती दिवस खोदत बसणार?" बॅटरी दीड वर्षाची होती आणि रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली. मी म्हटलं, "आबा, तुम्ही फक्त आत बसून सेल्फ मारा, मी मोजतो." सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर १०.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठीक. पण सेल्फवर फक्त ७.९. मधले अडीच व्होल्ट कुठे गेले? पॉझिटिव्हच्या जाड केबलमध्ये ०.४ आणि इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तब्बल २.१. इंजिनला चॅसीशी जोडणारा तांब्याच्या जाळीचा पट्टा बोल्टजवळ तुटून दोन-चार काड्यांवर लोंबत होता. त्याच वेळी ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लागला तर ती चटका बसेल इतकी गरम. सेल्फचा करंट पट्ट्यातून परत जाऊ शकत नव्हता, म्हणून तो त्या केबलमधून वाट काढत होता. केबल वितळून अडकली असती, आणि तेही घाटात, तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही. नवा पट्टा टाकला. सकाळी आबा स्वतः जाऊन गाडी चालू करून आले आणि काही न बोलता चहाला बसले.

बॅटरी उतरण्याचं कारण मात्र वेगळं निघालं. चार दिवस गाडी उभी राहिली की ती मरायची. सगळं बंद करून निगेटिव्हची केबल काढली आणि ती केबल व बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडला, लाल सळई दहा अँपिअरच्या भोकात. ०.४२ अँपिअर! अशा गाडीत ०.०५ च्या आत असायला हवं. ०.४२ म्हणजे चार दिवसांत चाळीस अँपिअर-अवर, आणि आमची बॅटरी ७५ ची. एकेक फ्यूज उपसून बघितला, आकडा हलेना. म्हणजे करंट फ्यूज बॉक्समधून जातच नव्हता. पॉझिटिव्हच्या क्लॅम्पखाली दाबलेली एक बारीक वायर सापडली. ती सीटखाली गेलेली, तिथे जुन्या गाण्याच्या सिस्टिमचा ॲम्प्लिफायर. तो आहे हेच घरात कुणाला आठवत नव्हतं. वायर काढली, ०.०२ वर आलं.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मीटर असा मध्ये जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, शेकडो अँपिअर एका साध्या मीटरमधून जाणार नाहीत. आणि काम झालं की लाल सळई लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती अँपिअरमध्येच ठेवून बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात तर बॅटरी थेट शॉर्ट होते.

हेडलाइट पिवळट पडायचे. ओतूरहून माळशेज घाटाने कल्याणकडे रात्री उतरताना, पावसाळ्यातल्या धुक्यात, मला पांढरी पट्टीसुद्धा दिसत नव्हती. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९, बल्बवर ११.४. डीपचे (खालच्या झोताचे) दोन बल्ब मिळून ११० वॉट, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर करंट, तो सगळा वीस वर्षं जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून जात होता. डीप आणि अप्परला एकेक रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच, बसवला. रिलेच्या पिनांवर नंबर असतात : ३० नंबरला बॅटरीवरून अडीच एमएमची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा निळा फ्यूज, ८७ वरून बल्ब, ८५ ला अर्थ, ८६ ला जुन्या स्विचची वायर. आता बल्बवर १३.३ येतात. जास्त वॉटचे बल्ब टाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. तो मानला असता तर जुन्या वायरी अजून तापल्या असत्या.

आता मीटरबद्दल. आठ महिने शेडमध्ये, धुळीत, डिझेलच्या हाताने वापरला, डबा शाबूत आहे. सळयांच्या वायरी मात्र तिसऱ्या महिन्यात मुळाशी तुटल्या. सिलिकॉनच्या मऊ वायरींचा सेट वेगळा घेतला, त्या टिकल्या. वायर अखंड आहे हे सांगणारा मीटरचा बझर सळया टेकवल्यावर क्षणभर उशिरा वाजतो, म्हणून हलवून बघायच्या सैल जोडाला तो उपयोगाचा नाही, तिथे टेस्ट लॅम्पच लावतो. डिस्प्लेला दिवा नाही. आपोआप बंद होत नाही, डायल ऑफवर न्यायला विसरलं की सेल संपतो. आणि सेल उतरला की आकडे चढे दाखवतो. वैशाखात अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर) १५.६ दिसले. त्याचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेला असं समजून मी तो काढायलाच निघालो होतो. सेल बदलला तर १४.१, म्हणजे अगदी बरोबर. तेव्हापासून चमत्कारिक आकडा दिसला की आधी दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मीटर तपासतो.

टेस्ट लॅम्पच्या टोकाने वायर टोचून बघायची सवय सुरुवातीला मलाही लागली होती. त्या भोकातून पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत तिथलं तांबं हिरवं पडतं. आता कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या सॉकेटच्या) मागच्या बाजूने टाचणी सारून मोजतो. जिथे आधी टोचलं होतं तिथे हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली.

मुलीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत आता पूर्ण गाडीचं वायरिंग काढलेलं आहे. प्रत्येक वायरीला कागदी टेपवर नंबर, वहीत तोच नंबर, रंग, कुठून कुठे, आणि चालू असताना किती व्होल्ट. एकूण ३८ वायरी कामाच्या निघाल्या, ११ कशालाच जोडलेल्या नव्हत्या, त्या उपसून काढल्या. वही ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत असते.

हॉर्न अजून सतावतोय. उजवीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की तो बंद पडतो, सरळ केलं की वाजतो. हॉर्नच्या रिलेच्या ८५ आणि ८६ वर दोन्ही वेळचे आकडे घेऊन वहीत लिहिलेत. येत्या सोमवारी बाजार बंद आहे, तेव्हा स्टिअरिंगची टोपी उघडणार आहे.