प्रिन्सेस कटची साखरपुड्याची अंगठी: सात-आठ महिने रोज घातल्यावर

साखरपुडा होऊन सात-आठ महिने झाले, मध्ये लग्नही उरकलं, आणि अंगठी तेव्हापासून रोज बोटात आहे. म्हणजे ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत, ऐरोलीला ऑफिसात, भांडी घासताना, सगळीकडे. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. दुकानातून आणल्या आणल्या जे रिव्ह्यू येतात ते निम्मे डबीचे आणि कॅरीबॅगचेच असतात.

घेतलंय काय ते आधी सांगते. नैसर्गिक हिरा, प्रिन्सेस कट म्हणजे वरून चौकोनी, वजनाला अर्ध्या कॅरेटच्या जरासा वर, रंग एच (म्हणजे जवळजवळ रंगहीन), क्लॅरिटी व्हीएस२ (दोष भिंगातूनच दिसतील इतके बारीक), जीआयए ह्या हिरे तपासणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट. अंगठी १८ कॅरेट पिवळ्या सोन्यात, फक्त हिरा बसतो तो वरचा भाग पांढऱ्या सोन्याचा. लॅबग्रोन, म्हणजे लॅबमध्ये बनवलेले हिरे पण बघितले, तेवढ्याच पैशात केवढातरी मोठा खडा येत होता, आणि दिसायला काही म्हणजे काही फरक नाही, दुकानातलं ते साधं टेस्टर पेनसुद्धा दोन्हीला हिराच म्हणतं. पण परत विकायची किंवा बदलायची वेळ आली तर काय देणार ह्याचं सरळ उत्तर आम्ही गेलो तिथे कोणी देईना, म्हणून नाही घेतला. ज्यांना विकायचाच नाहीये त्यांनी खुशाल घ्यावा.

चौकोनी का, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारला. आईचं म्हणणं, हिरा म्हणजे गोलच, हे काय चौकोनी, काचेच्या तुकड्यासारखं. मला गोल खडा माझ्या बोटांवर आवडत नाही एवढंच कारण होतं खरं तर. पण पैशाचंही एक कारण निघालं. कच्चा हिरा बऱ्याचदा दोन पिरॅमिड पायाला पाया लावून ठेवल्यासारख्या आकाराचा असतो, तो मधून कापला की वरून चौकोनच मिळतो, त्यामुळे प्रिन्सेस पाडताना माल कमी वाया जातो आणि गोल करायचा तर निम्म्याच्या आसपास तासून जातो. म्हणून त्याच वजनाचा, त्याच ग्रेडचा प्रिन्सेस साधारणपणे गोलपेक्षा स्वस्त पडतो. अर्थात वरून दिसायला तो थोडा लहानही दिसतो, अर्ध्या कॅरेटचा गोल ५.१ मिमीच्या आसपास तर प्रिन्सेसची बाजू ४.४ मिमीच्या आसपास. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर ६ मिमीच्या वर जातो, आणि माझी बोटं बारीक असल्याने ते तिरकं मापच डोळ्यात भरतं.

आता खरा घोळ. गोल हिऱ्याच्या जीआयए रिपोर्टवर कटची ग्रेड असते, एक्सलंट वगैरे. प्रिन्सेसच्या रिपोर्टवर ती नसते, फक्त पॉलिश आणि सिमेट्री असते. सेल्समन लोक काय करतात, पॉलिश एक्सलंट, सिमेट्री एक्सलंट दाखवतात आणि म्हणतात बघा मॅडम, एक्सलंट कट. तसं नाहीये ते. पॉलिश म्हणजे पृष्ठभाग किती गुळगुळीत, सिमेट्री म्हणजे पैलू एकमेकांशी किती जुळतात, पण उजेड वरून आत जाऊन परत वर येतोय का खालून गळतोय हे त्यात कळत नाही. तिथे तुमचे डोळे, आणि कागदावरचे दोन आकडे, डेप्थ (रुंदीच्या मानाने खोली) आणि टेबल (रुंदीच्या मानाने वरचा सपाट पैलू). माझ्या हिऱ्याची डेप्थ ७२ टक्के आहे, टेबल ७० च्या आत. ठाण्यातल्याच एका दुकानात मला ८० टक्के डेप्थचा दाखवला होता, वजन सेम, भाव थोडा कमी, पण त्याची बाजू ४.२ मिमी. सगळं वजन पोटात. वरून दिसणार नाही त्याचे पैसे मी का द्यायचे? लांबी-रुंदी पण बघा, १.०५ च्या वर रेशो गेला की चौकोन जरा लांबुळका वाटायला लागतो.

आणि दुकानातल्या लाइटखाली काहीही ठरवू नका प्लीज. ते छोटे स्पॉटलाइट असतात ना, त्यांच्याखाली सगळंच चमकतं. राम मारुती रोडवरच्या ज्या दुकानातून शेवटी घेतली तिथल्या काकांनी स्वतःहून ट्रे उचलून दाराजवळ आणला, बाहेर पावसाळी ढगाळ उजेड, आणि म्हणाले, ‘आता बघ बेटा.’ पाच खडे होते, त्यातले दोन तिथे मेल्यासारखे दिसले, मधोमध राखाडी डाग, बोटावर ठेवले तर कातडी दिसत होती आरपार. उरलेल्या तिघांतला एक सुंदर होता, मधल्या एक्सच्या आकाराच्या रेषा अगदी स्वच्छ, पण काकांनी भिंग हातात दिलं आणि कोपरा बघायला सांगितला. टोकाजवळ पिसासारखी एक पांढरी चीर. नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हती. मी म्हटलं दिसत नाहीये तर काय बिघडलं, तर म्हणाले कारागीर तिथेच सोनं दाबणार, आणि तुझा हात कुठे आपटला तर तिथेच आपटणार.

हे फार लोकांना माहीत नसतं. हिरा सगळ्यात कठीण, म्हणजे त्यावर ओरखडा काढणं कठीण. पण ठरावीक दिशांनी तो दुभंगू शकतो, आणि प्रिन्सेसचे चार अणकुचीदार कोपरे म्हणजे आघाताला आमंत्रण. म्हणून दोष असेलच तर मध्ये परवडला, कोपऱ्यात नको. पिवळसर झाकही आधी कोपऱ्यातच जाणवते. मी एच घेतला कारण अंगठीच पिवळी आहे, पूर्ण पांढऱ्या सोन्यात करणार असाल तर एक पायरी वर जा.

सेटिंगवर मी हिऱ्यापेक्षा जास्त डोकं लावलं आणि आता वाटतं तेच बरं झालं. चार कोपऱ्यांना चार व्ही प्रॉंग, म्हणजे खडा धरून ठेवणारं इंग्रजी व्हीच्या आकाराचं सोनं, टोक दोन्ही बाजूंनी झाकणारं. साधे गोल प्रॉंग नाजूक दिसतात पण टोक उघडं राहतं. व्हीमध्येही कारागीर टोकाच्या खाली जराशी जागा सोडतो, नाहीतर दाबतानाच टवका उडायचा. तोटा असा की कोपरे थोडे झाकले जातात आणि चौकोन किंचित बोथट दिसतो. मला चालतंय. आणि खडा बसवण्याआधी कडेवरचा लेझरने कोरलेला नंबर भिंगातून सर्टिफिकेटशी ताडून घ्या, नंतर तो प्रॉंगखाली गेला की बसा शोधत.

रोजच्या वापरात काय झालं? मार्चमध्ये ऐरोलीला उतरताना ओढणी एका प्रॉंगमध्ये अडकली, मागून लोंढा, मी पुढे आणि ओढणी मागे. धागा निघाला, प्रॉंग किंचित उचलला गेला. नुसतं बघून कळलं नाही, रात्री कानाजवळ अंगठी हलवली तर अगदी बारीक टिकटिक. दुसऱ्या दिवशी काढून ठेवली, शनिवारी दुकानात नेली, त्यांनी दहा मिनिटांत दाबून दिली, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून अधूनमधून कानाला लावते, नवरा हसतो. हिऱ्याला मात्र काही झालेलं नाही, चारही कोपरे शाबूत, भिंगातून बघून घेतले.

दुसरा वैताग म्हणजे मळ. हिऱ्याला तेलकटपणा भयंकर चिकटतो, खाणींमध्ये तर ग्रीस लावलेल्या पट्ट्यांवरून खडी सोडून हिरे वेगळे करायचे, इतका चिकटतो. खोबरेल, सनस्क्रीन, कणिक, सगळं खालून जाऊन बसतं आणि व्हीच्या आत तर हमखास. आठवड्यात खडा मंद होतो, पाहुण्यांसमोर हात लपवावासा वाटतो. कोमट पाणी, थेंबभर भांड्यांचं लिक्विड, मुलांचा मऊ ब्रश, खालच्या बाजूने घासायचं आणि बेसिनचं भोक आधी बंद करायचं. परत पहिल्यासारखा. कणिक मळताना आता काढते, आणि ठेवायला एकच ठरलेली वाटी आहे, इकडेतिकडे नाही.

साइजबद्दल एवढंच, की माप एसीत बसून सकाळी देऊ नका. मे महिन्यात बोटं सुजतात, मला पंधरा दिवस साबण लावून काढावी लागत होती.

बिलात सोनं, हिरा आणि घडणावळ वेगवेगळं लिहून घेतलं, वर ३ टक्के जीएसटी. हॉलमार्कला ७५० (म्हणजे १८ कॅरेट) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ह्या सरकारी अ‍ॅपमध्ये तिथेच टाकून बघितला, काका म्हणाले बघ बघ. आधीच्या एका दुकानात हाच प्रश्न विचारला तर चेहरा पडला होता. एक्सचेंजची अट पण तोंडी नाही, बिलाच्या मागे लिहून सही.

एकच गोष्ट अजून सुटलेली नाही. सासूबाईंनी लग्नात त्यांच्या आईचं सोन्याचं वेढं दिलं, ते ह्याच बोटात शेजारी घालायची फार हौस होती. पण वरचा भाग खाली बसवून घेतल्यामुळे हिऱ्याची कड वेढ्याला घासते, आणि महिन्याभरात सोन्यावर बारीक चरा दिसायला लागला. काका म्हणतात मध्ये पातळ रिंग घाल, मला तीन-तीन अंगठ्या एका बोटात नकोत. वेढं सध्या उजव्या हातात आहे, कोणी दुसरा उपाय केला असेल तर सांगा.