भाड्याच्या फ्लॅटसाठी केलेली तयारी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

कांदिवलीतला वन बीएचके, सातमजली इमारतीत सगळ्यात वरचा मजला, हॉलची खिडकी पश्चिमेला, करार अकरा महिन्यांचा. सामान एप्रिलमध्ये लागलं, आता दिवाळीचे कंदील उतरलेत. मुंबईला ऋतू दोनच धरले तर दोन्ही होऊन गेले.

एकूण मत आधीच सांगून टाकतो: घेतलेल्या वस्तूंपैकी वाईट अशी क्वचितच एखादी निघाली. पण कुठली चालणार आणि कुठली पडून राहणार हे दुकानात ठरत नाही, ते त्या घरातलं पाणी, वायरिंग आणि भिंत ठरवतात. त्यामुळे खरेदीची यादी टोकन देण्याआधी नाही, घर तपासून झाल्यावर करायची. घर बघायला जाताना मोजपट्टी, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर खिशात असावा. बादली त्या घरात असतेच.

पाण्यापासून सुरुवात, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच अडकतात. दाबाचा हिशेब सोपा आहे. गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी नळापेक्षा दहा मीटर वर असेल तर साधारण एक बार दाब मिळतो. म्हणजे पहिल्या मजल्यावर नळ धो धो वाहतो आणि टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर, जिथे उंचीचा फरक तीन-चार मीटरच असतो, जेमतेम 0.3 ते 0.4 बार. ऑटोमॅटिक वॉशिंग मशिनच्या पुस्तिकेत किमान दाब दिलेला असतो. तो मॉडेलप्रमाणे बदलतो, पण बऱ्याच मशिनना 0.3 ते 0.5 बार तरी लागतोच. काठावरचा दाब असला की मशिन ठरलेल्या वेळात भरत नाही, पाण्याचा एरर देऊन अर्ध्यात थांबते, आणि ‘मशिन खराब आहे’ म्हणून तक्रारी सुरू होतात. तपासायला बादलीच पुरते: जिथे मशिन लागणार त्याच नळाखाली दहा लिटरची बादली ठेवून वेळ लावा. मिनिटाभरात भरली तर कुठलीही मशिन चालेल. दोन मिनिटांच्या पुढे गेली तर ऑटोमॅटिकचा विचार सोडा. सोसायटीचा पंप चालू असताना किंवा टाकी नुकतीच भरलेली असताना केलेली चाचणी फसवी ठरते. दुपारी तीन-चारला करा.

या घरात उत्तर होतं सात किलोची सेमी-ऑटोमॅटिक, आणि इतक्या महिन्यांनंतरही तेच बरोबर वाटतं. टबात पाणी नळीने भरा नाहीतर बादलीने ओता, दाबाशी तिचं काही देणंघेणं नाही. पिळणी साधारण 1300 आरपीएमची असल्यामुळे जुलैमध्ये कपडे घरातल्या फोल्डिंग स्टँडवर पंख्याखाली एका रात्रीत बोटाला ओले न लागण्याइतके वाळतात. तोटा उघड आहे: धुणं एका टबातून दुसऱ्यात आपल्या हाताने टाकावं लागतं, खंगाळायला जवळ उभं राहावं लागतं. ज्यांना सकाळी 7:40 ची लोकल पकडायची आहे त्यांना हे जड जाईल. ऑटोमॅटिकच हवी असेल आणि दाब पुरत असेल, तर एक बारीक गोष्ट: मशिनच्या नळीचा आटा पाऊण इंची असतो आणि घरातले नळ अर्धा इंची. मशिनसाठीचा वेगळा नळ प्लंबरकडून आधीच बसवून घ्या. साध्या नळावर अडकवायचा प्लास्टिकचा अडॅप्टर रात्री पाण्याचा दाब वाढला की निसटतो. टाकी साफ झाल्यावर गाळ येतो आणि मशिनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी चोंदते, ती काढून ब्रशने धुवायची. निम्मे एरर तिथेच मिटतात.

पिण्याच्या पाण्याला आरओ (क्षार काढणारा, पण बरंच पाणी बाहेर टाकणारा फिल्टर) घ्यायचा का, हा दुसरा खर्च. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं, म्हणजे मुळात ते पावसाचं गोड पाणी. मीटरवर टीडीएस सहसा 200 च्या बराच खाली दिसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 ही इष्ट मर्यादा आहे. त्याच्या इतक्या खाली असलेल्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी मोरीत सोडून देणं. यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) आणि यूएफ (बारीक गाळणी) असलेलं मशिन पुरतं. ओट्यावर ठेवायचं मॉडेल घेतलं तर भिंतीला भोकही नाही. मात्र सोसायटीला टँकर येत असेल किंवा बोअरवेलचं पाणी टाकीत मिसळत असेल तर चित्र बदलतं. मे महिन्यात तलाव तळ गाठतात आणि कपात येते. 2024 मध्ये मेअखेरीस 5 टक्के आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात 10 टक्के होती. टँकर नेमके तेव्हाच वाढतात. म्हणून वॉचमनला विचारायचा प्रश्न ‘पाणी येतं का?’ हा नाही, ‘मे महिन्यात टँकर किती येतात?’ हा आहे. आणि टीडीएस मीटर जंतू मोजत नाही, फक्त विरघळलेले क्षार मोजतो. आकडा 60 आला म्हणून पाणी तसंच पिऊ नये. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ येतं, त्या दिवसांत मशिनच्या आधीचा, गाळ अडवणारा स्पन फिल्टर आठवड्या-दोन आठवड्यांत तपकिरी होतो. दोन जास्तीचे घरात ठेवा.

आता वीज. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर 3000 वॉटचा असतो, म्हणजे 230 व्होल्टला तेरा अँपियर. पंधरा लिटरचा स्टोरेज गीझर किंवा 2000 वॉटची इंडक्शन शेगडीसुद्धा साडेआठ-नऊ अँपियर घेते. घरातले छोटे सॉकेट सहा अँपियरचे. जाडा पिन असलेला प्लग कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये घालता येतो, आणि नेमकं तेच करायचं नाही: सॉकेटच्या आतली पकड तापते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. बाथरूम, ओटा आणि बेडरूममध्ये सोळा अँपियरचे सॉकेट किती आणि कुठे आहेत हे मोजून घ्या. त्यांच्यामागे किमान 2.5 चौरस मिलिमीटरची वायर आहे का, हे इलेक्ट्रिशियन स्विचबोर्ड उघडून सांगतो. सॉकेट टेस्टर दोन-तीनशे रुपयांना मिळतो आणि आमच्या यादीत पैसे वसूल होण्यात त्याचा पहिला नंबर. अर्थिंग नसलेलं सॉकेट तो लगेच दाखवतो. जुन्या इमारतींत असं सॉकेट बाथरूममध्येही निघतं, तिथे गीझर लावणं जिवाशी खेळ आहे. मेन बोर्डावर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्यावरचं ‘टी’ बटण दाबून बघा, वीज जायला हवी. गेली नाही तर तो नुसताच शोभेला आहे. हे मालकाकडून करारावर सही होण्याआधी दुरुस्त करून घ्यायचं. सहीनंतर तेच काम ‘बघू, पाठवतो माणूस’ होतं.

भिंतीबद्दल लोक उगाच बिनधास्त असतात. ‘ड्रिल नको’ म्हणून चिकटणारे हुक डझनभर घेतले जातात. टाइल आणि काचेवर ते खरंच उत्तम आहेत. स्पिरिटने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने टाइल पुसून, वाळवून, हुक लावून चोवीस तास वजन न देता सोडलं तर पावसाळाभर हलत नाहीत. ओट्याजवळच्या टाइलवर फोडणीचा अदृश्य तेलकट थर असतो, तो न काढता लावलेला हुक आठवडाभरात खाली. डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र लावूच नका. डिंक पकडतो, पण पकडतो रंगाला, भिंतीला नाही. दमट हवेत रंगाचा पोपडा घेऊनच हुक उतरतो आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जातात. ड्रिल करावंच लागलं तर भिंत कुठली ते आधी ओळखा. नव्या टॉवरमध्ये मायवन पद्धतीच्या भिंती सगळ्या काँक्रीटच्या असतात, साधं ड्रिल नुसतं ओरडतं, हॅमर ड्रिलच लागतं. जुन्या इमारतीत वाळूचा गिलावा भुसभुशीत असतो. सहा मिलिमीटरचं भोक आठचं होतं आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात घालायचा प्लग) फिरत राहते. तिथे लांब गिट्टी घ्यावी, ती गिलावा ओलांडून विटेत जाते.

खिडक्यांना वेल्क्रोची मच्छरजाळी लावली होती. पश्चिमेच्या उन्हात मे महिन्यात अॅल्युमिनियम इतकं तापतं की डिंक पातळ होऊन पट्टी घसरते. उत्तरेच्या खिडकीवरची तीच जाळी जशीच्या तशी आहे. पश्चिमेसाठी पट्टी फ्रेमच्या बाहेरच्या नाही, आतल्या सावलीतल्या कडेवर लावल्यावर टिकली. कबुतरांची जाळी भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने लावू नये, ती मालकाकडूनच मागावी.

ओल हा या सगळ्याचा बाप. मुंबईचा पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत सर्वांत जास्त भिजते, आणि वरच्या मजल्याला गच्चीचं पाणी वेगळं. एप्रिल-मेमध्ये घर बघताना सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. बघायचं ते हे: खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बाकी भिंतीपेक्षा ताजा रंग, छताजवळ पांढरी मिठासारखी पूड, कपाटाच्या मागच्या प्लायवर काळे ठिपके, मोरीच्या पलीकडच्या भिंतीला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज. शेजारच्या काकूंना विचारलं तर ब्रोकरपेक्षा खरं कळतं.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढून ठेवा, मागून हवा खेळली पाहिजे. कपाटात ठेवायचे ओलावा शोषणारे डबे, ज्यांत कॅल्शियम क्लोराइडचे खडे असतात, बंद जागेत काम करतात. दोन दारांच्या कपाटात जुलैमध्ये एक डबा साधारण तीन-चार आठवड्यांत पाण्याने भरतो. ते पाणी खारट आणि चिकट असतं, सांडलं तर चामड्याची पर्स आणि कपाटाची बिजागरं दोन्ही जातात. म्हणून डबा तळाला, ताटलीत ठेवायचा. उघड्या खोलीत हे डबे ठेवणं म्हणजे समुद्राला चमचा लावणं. डांबरगोळ्या आणि कापूर किड्यांसाठी आहेत, ओलीसाठी नाहीत.

डिह्युमिडिफायर ही आमच्याकडची सगळ्यात महाग वस्तू, आणि मत संमिश्र आहे. खोक्यावर ‘दिवसाला बारा लिटर’ असं लिहिलेलं असतं ते तीस अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रतेला, म्हणजे आपल्या जुलैच्या जवळपास, त्यामुळे आकडा अगदीच खोटा नाही. पण दारं-खिडक्या बंद हव्यात. दोनशे वॉटने सहा तास चालवलं तर सव्वा युनिटच्या आसपास वीज जाते, आणि खोली दीड-दोन अंशांनी गरम होते. बेडरूममध्ये एसी असेल तर ‘ड्राय’ मोड रोज दोन तास पुरतो, हे वेगळं यंत्र घेऊ नका. एसी नसेल, पुस्तकं किंवा कॅमेरा असेल, तर घ्या.

गॅसचं थोडक्यात. सिलिंडरवरची शेगडी पाइपच्या गॅसवर तशीच जोडली तर ज्योत मिणमिणते, कारण पाइपच्या गॅसला मोठ्या भोकाचे जेट लागतात. उलट, पाइपसाठी बदललेली शेगडी सिलिंडरला जोडली तर ज्योत पिवळी, उंच आणि धोकादायक होते. जेट कंपनीच्या माणसाकडून बदला आणि जुने जेट पिशवीत जपून ठेवा, पुढच्या घरी लागतील.

सामान हलवताना छोट्या हत्तीचा (छोट्या टेंपोचा) हौदा साधारण सात फूट लांब असतो हे धरून डबल बेडची फळी मोजा. फ्रंट लोड मशिन असेल तर खरेदीच्या वेळी मागून काढलेले वाहतुकीचे बोल्ट परत लावल्याशिवाय हलवू नका, ड्रमचे शॉक अॅब्सॉर्बर जातात. फ्रिज उभाच न्यायचा. आडवा झालाच तर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरू द्यावं लागतं.

कागदपत्रं सामानाच्या आधी हवीत, कारण बहुतेक सोसायट्या नोंदणी झालेला करार आणि पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीची प्रत हातात पडल्याशिवाय टेंपो आत सोडत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, तेही एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यावर. तीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने असतील तर सुमारे साडेआठशे रुपये होतात. शहरात नोंदणी फी एक हजार. एजंटने आठ-दहा हजार सांगितले तर उरलेले त्याचेच. मालक वयस्क असतील तर अंगठ्याचा ठसा मशिनला लागत नाही असं होतं. टेंपो ठरवण्याआधी नोंदणी उरकून घ्या. सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क), जो सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, मालकाच्या नावे लागतो. तो भाड्यात धरला आहे का, हे करारात लिहून घ्या.

चावी मिळते त्या दिवशी विजेच्या आणि गॅसच्या मीटरचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुम्ही स्थिरस्थावर झाल्यावर दारात येते. फोटो असला की ती कोणाची, यावर वाद होत नाही.