हेड खोललंय, कार्बन कशानं काढायचा?

इंजिनाचं हेड गॅस्केट बदलायला घेतलं, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवून बाकावर ठेवलं, की नजर आधी जाते ती कार्बनच्या काळ्या थराकडे. मग सल्ले सुरू होतात. शेजारचे काका म्हणतात रॉकेलमध्ये टाक, स्पेअर पार्टवाला स्प्रेचा डबा पुढे करतो, जुना मेकॅनिक म्हणतो कॉस्टिक सोड्यात उकळ, दोन मिनिटांत चकाचक. यातला प्रत्येक उपाय कुठेतरी बरोबरच आहे. पण थर किती जाड आहे यावर उपाय ठरवू नका. खाली कुठला धातू आहे यावर ठरवा.

म्हणून आधी हातात चुंबक घ्या. आजच्या बहुतेक गाड्यांचं हेड, पिस्टन आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) अ‍ॅल्युमिनियमची असते, तिथे चुंबक चिकटत नाही. बिडाचा ब्लॉक, बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, इनटेक व्हॉल्व्ह यांना चिकटतो. एक अपवाद लक्षात ठेवा: बऱ्याच एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्याला चुंबक धरत नाही, पण ते पोलादच असतं.

आता कॉस्टिक आणि रॉकेल शेजारी ठेवून बघू. बिडाच्या किंवा पोलादाच्या सुट्या भागावर गरम कॉस्टिक सोड्याइतकं झटपट काम दुसरं काही करत नाही. पण तेच पाणी अ‍ॅल्युमिनियमवर पडलं, तर कार्बनच्या आधी धातूच खातं आणि वर हायड्रोजन सोडतं, म्हणजे ठिणगीचीही भीती. पिस्टन बुडवलात तर बाहेर येताना तो राखाडी, खडबडीत झालेला असेल आणि रिंगांच्या खाचांचं माप गेलेलं असेल. ओव्हन साफ करायच्या फेसाळ स्प्रेमध्येही बहुधा कॉस्टिकच असतं, तेव्हा तोही अ‍ॅल्युमिनियमपासून लांब. घरात लहान मुलं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: कॉस्टिक आणूच नका. उकळतं शिंतोडं डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते.

रॉकेल किंवा डिझेल अ‍ॅल्युमिनियमला काही करत नाही आणि स्वस्त पडतं. पण भाजून दगड झालेला कार्बन ते विरघळवत नाही. त्यातलं तेलकट चिकट तेवढं सोडवतं आणि थर सैल करतं. त्यामुळे रॉकेलला वेळ द्यावा लागतो. पिस्टन उलटा, डोकं खाली करून उथळ ट्रेमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी खरवडा. कार्ब क्लीनरचा (कार्ब्युरेटर साफ करायचा) स्प्रे रॉकेलपेक्षा जोरदार, पण लगेच उडून जातो. जाड थरावर नुसता फवारत बसलात तर डबा संपेल आणि थर जागेवरच राहील. सुती चिंधी भिजवून थरावर दाबून ठेवली, तर थोड्या स्प्रेमध्येही भागतं. माझी निवड: पिस्टन आणि हेडला रॉकेल, थ्रॉटल बॉडीला स्प्रे.

नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये एक गोष्ट सांभाळा. रॉकेलची वाफ साधारण 35-40 अंशांच्या पुढे पेट घेण्याजोगी होते आणि दुपारच्या गच्चीवर तेवढं तापमान सहज असतं. काम सकाळी, सावलीत, गिझर-शेगडीपासून लांब करा. पेट्रोलने धुणं तर कोणत्याच ऋतूत नको.

खरवडायला काय, यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुनं एटीएम कार्ड, बांबूची चपटी कामटी, प्लास्टिकचा स्क्रेपर आणि पितळी ब्रश एवढ्यात घरचं काम होतं. ड्रिलला लावलेलं तारेचं चाक फक्त व्हॉल्व्हच्या डोक्यावर चालेल, तेही सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या जागेवर) बसणारी कड सांभाळून. हेडच्या गॅस्केट बसायच्या पृष्ठावर ते टेकवू नका. एक चर पडली की नवं गॅस्केटही गळतं. हिरवी घासणी किंवा घासायची फिरती डिस्क मात्र अजिबात नको. तिच्यातली खर तेलाच्या वाटेनं बेअरिंगपर्यंत जाते, आणि मग साफ केलेलं इंजिन काही दिवसांत खालून वाजायला लागतं. सॅन्ड ब्लास्टिंगचंही तेच, खाचेत राहिलेला एक कण पुरे.

पिस्टन ब्लॉकमध्येच असतील तर चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला-चौथा एकदम वर येतात, नंतर दुसरा-तिसरा. वर आलेल्या जोडीच्या कडेला, भिंत आणि पिस्टनच्या फटीत, बोटानं ग्रीस भरा. बाकीची दोन सिलिंडरं, पाण्याची आणि तेलाची भोकं चिंध्यांनी बंद करा. खरवडलेली पूड व्हॅक्यूमने ओढा, हवेनं उडवू नका. मग क्रँक किंचित फिरवून पिस्टन थोडा खाली न्या. भिंतीवर ग्रीसचं काळं कडं राहिलेलं दिसेल, ते पुसून काढा. डोकं आरशासारखं व्हायची गरज नाही. पातळ काळपट डाग राहिला तर राहू दे, टवका नको.

थ्रॉटल बॉडीत थेट फवारण्यापेक्षा स्प्रे कापडावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक असेल तर फुलपाखरू (आतली फिरणारी चकती) बोटानं जबरदस्तीनं ढकलू नका, आतले गिअर तुटतात. नंतर गाडीच्या कॉम्प्युटरला आयडल (उभ्या गाडीत इंजिनाची संथ चाल) नव्यानं शिकवावं लागू शकतं. एअर फ्लो सेन्सरवर कार्ब क्लीनर चुकूनही नको.

इंजेक्टर घरी घ्यायचाच नाही. डिझेलच्या नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी असतात. तार घातली की फवारा बिघडला. हे नोझल आपल्या सातपूरच्या बॉश कारखान्यात बनतात, त्याची अचूकता सुईनं टिकत नाही. डिझेल पंपवाल्याकडे अल्ट्रासॉनिक करून टेस्ट बेंचवर फवारा बघून घ्या.

इंजिन न खोलता साफ करायचं असेल तर पेट्रोलच्या टाकीत ओतायचं पीईएचं (पॉलिइथरअमाइन) औषध पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारणाऱ्या गाडीत इनटेक व्हॉल्व्हपर्यंत काम करतं. टीएसआय, टीजीडीआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्या व्हॉल्व्हला शिवतच नाही, तिथे अक्रोडाच्या टरफलांचं ब्लास्टिंग लागतं आणि ते वर्कशॉपचंच काम. इंजिनात हायड्रोजन सोडून कार्बन काढतो म्हणणाऱ्या मशीनवर पैसे घालायचे असतील तर आधी आणि नंतर बोरस्कोपचे (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याचे) फोटो मागा. फोटो देत नसतील तर मी पैसे देणार नाही.

उरलेलं काळं रॉकेल गटारात ओतू नका, ते गोदावरीत जाऊ शकतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्या. त्याआधी एक चाचणी करा: व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा बसवा, हेड आडवं धरून पोर्टमध्ये थोडं स्वच्छ रॉकेल भरा. दहा मिनिटांत सीटच्या कडेला ओल आली तर लॅपिंग करा, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवा. तरीही झिरपलं तर हेड अंबड-सातपूरकडच्या हेडचं काम करणाऱ्या वर्कशॉपला सीट कटिंगला द्या.